गेफ्युनचे बैल पाथर्डीत

फ्रेया या देवीचा रथ दोन मांजरी ओढतात. तिच्याकडे एक रानडुक्करही आहे, त्यावर ती बसते. फ्रिगकडे ससाण्याच्या पिसांचा अंगरखा आहे. तो घातला की उडता येते. स्काडी डोंगरात राहते. तिच्या नवऱ्याला तिथल्या लांडग्यांच्या ओरडण्याने झोप येत नाही आणि तिला नवऱ्याच्या घरच्या समुद्रपक्ष्यांच्या कलकलाटाने. सूर्य तिकडे देवी आहे आणि तिचा रथ दोन घोडे ओढतात. गेफ्युन या देवीने आपल्या चार मुलांचे बैल केले, त्यांना नांगराला जुंपले आणि स्वीडनच्या राजाकडून मिळालेली जमीन इतकी खोल नांगरली की ती मुळापासून सुटली. बैलांनी ती समुद्रात ओढत नेली. डेन्मार्कची राजधानी ज्या बेटावर आहे ते हेच, असे जुन्या कथा सांगतात.

या देवी युरोपच्या उत्तर टोकाच्या. त्यांची जनावरे मी नगर जिल्ह्यात पाहिली.

कारण असे. पुण्याच्या एका प्रकाशकासाठी मी या कथा मुलांना वाचता येतील अशा मराठीत लिहिल्या. चित्रांसाठी मी सुदाम पेंटरचे नाव सुचवले. सुदाम भिंगारचा, माझ्या वर्गातला. त्याने पन्नास वर्षे दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागच्या फळ्या आणि देवळांच्या भिंती रंगवल्या. सात चित्रे ठरली होती. स्काडीचा लांडगा, तिने शत्रूच्या तोंडावर टांगलेला साप, फ्रिगचा ससाणा आणि सूर्यदेवीचे घोडे अशी चार झाली. मांजरी, डुक्कर आणि बैल राहिले. दरम्यान सुदामचा उजवा डोळा काचबिंदूने गेला. डाव्याने त्याला नळीतून पाहिल्यासारखे दिसते. समोरचे तेवढे, बाजूचे नाही. दिवाळीनंतर शस्त्रक्रिया ठरली होती. आहे ती नजर तिने टिकली तर टिकेल, गेलेली परत येणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते.

प्रकाशकाचे म्हणणेही स्पष्ट होते. एका पुस्तकात दोन हात नकोत. तीन चित्रे दिवाळीपर्यंत आली नाहीत तर सातही दुसऱ्याकडून काढून घेऊ. दुसरा चित्रकार संगणकावर काढणारा होता आणि तयार होता. दिवाळीला तेव्हा दहा दिवस होते. मी एसटीने भिंगारला गेलो.

भिंगार

जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर. वाहकाने तिकीट देताना मात्र नगरच म्हटले आणि मीही नगरच मागितले. तिथून भिंगार रिक्षाने दहा मिनिटांवर.

माझे वडील लष्कराच्या डेपोत मुलकी कारकून होते. आमचे बालपण छावणीच्या भिंतीलगत गेले. सकाळी बिगूल झाला की आई स्टोव्ह पेटवायची, त्यामुळे आमच्या घरात बरीच वर्षे घड्याळ नव्हते. बाजारातल्या बेकरीची खारी शनिवारी सकाळी ताजी असायची. ती आजही शनिवारीच ताजी असते. मी मंगळवारी गेलो होतो, तरी घेतली.

बाजारपेठेत मी सुदामच्या पाट्या शोधत चाललो. चौकातल्या शिंप्याच्या दुकानावर त्याने कात्रीच्या दोन पात्यांतून दुकानाचे नाव काढले होते. सायकलवाल्याच्या पाटीवर चाक होते आणि प्रत्येक आरी वेगळी मोजता यायची. दूधवाल्याच्या पाटीवरची म्हैस इतकी खरी होती की आम्ही शाळेत जाताना तिला हात लावून जायचो. यातले आता काही नाही. सगळीकडे फ्लेक्स आहेत. म्हशीच्या जागी मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे. बाजाराच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत मला सुदामची एकच पाटी सापडली, तीही अर्धी. पिठाच्या गिरणीच्या मागच्या दारावर 'येथे उभे' एवढे शिल्लक होते.

सुदाम घरी खाटेवर बसला होता. त्याच्या बायकोने, रखमावहिनींनी, चहा दिला आणि त्या म्हणाल्या, "न्या बाबा ह्यांना. घरात बसून नुसतं भिंतीला तोंड लावत्यात."

"संपादक आले," सुदाम म्हणाला. मला संपादक म्हणण्याची त्याची जुनी खोड. मी संपादक कधीच नव्हतो, चौतीस वर्षे उपसंपादक होतो. हे मी त्याला चौतीस वर्षे सांगतो आहे.

सुदामचा एक नियम आहे. जे समोर पाहिले नाही ते तो काढत नाही. फोटोवरूनही नाही. या नियमाची सुरुवात मला माहीत आहे, कारण मी तिथे होतो. आम्ही दहावीत असताना नवरात्राच्या मंडळासाठी त्याने कापडावर देवीचा सिंह रंगवला. सिंह त्याने कधी पाहिला नव्हता. घरातले मांजर पाहिले होते. नऊ दिवस लोक देवीला नमस्कार करायचे आणि वाहन पाहून हसायचे. दहाव्या दिवशी सुदामने कापड स्वतः जाळले. त्यानंतर त्याने बिनपाहिलेली एक रेघ ओढलेली नाही. स्काडीच्या लांडग्यासाठी तो उन्हाळ्यात चार दिवस मेंढपाळांच्या वाड्यावर राहिला. सूर्यदेवीच्या रथाला त्याने वरातीची घोडी जोडली आहे, कारण भिंगारात घोडा म्हणजे तीच.

"तवा सिंव्ह मागितला, मांजर झालं," तो म्हणाला. "आता मांजर मागतोस. बघ, सिंव्ह झाला तर बोलू नको."

मांजरींसाठी आम्ही मासळीच्या ओट्यांवर गेलो. रथ ओढताना मांजर कसे दिसेल, हा प्रश्न होता. मांजर काहीच ओढत नाही. आपल्याकडे ते आडवे गेले तर माणसे दोन पावले मागे येतात. रथाला जुंपण्याइतका भरवसा त्याच्यावर कोणी टाकत नाही. षष्ठीदेवीचे वाहन मात्र आपल्याकडेही मांजरच मानतात. ती बाळाच्या पाचवीला येते, आणि उत्तरेकडे बाळंतीण अडली की फ्रेयाला हाक मारायचे. हे मी सुदामला सांगितले. तो म्हणाला, "बाळंतिणीच्या खोलीत दूध असतंय. मांजर येनारच."

कोपऱ्यातल्या ओट्यावरच्या मासेवाल्या बाईने चौकशी केली.

"काय काढताय?"

"तुमची मांजर," सुदाम म्हणाला.

"माझी कशाची? गिऱ्हाईक हाय ती, फुकट खानारं."

तिने रोहूचे डोके सुतळीने ओट्याच्या पायाला बांधून खाली टाकले. करड्या मांजरीने ते दातात धरून मागे खेचायला सुरुवात केली. पुढचे पाय रोवलेले, पाठ कमानीसारखी, कान मागे. सुदाम फरशीवर मांडी घालून बसला. मांजर अर्धा तास खेचत होती आणि सुदाम अर्धा तास काढत होता. मग सुतळी तुटली. चित्रातल्या दोन्ही मांजरी रोहूचे डोके ओढत आहेत; डोक्याच्या जागी फ्रेयाचा रथ आहे, एवढाच फरक.

नेवासा

दुसऱ्या दिवशी नेवाशाला गेलो. प्रवरेला पाणी होते. ज्ञानेश्वरांच्या खांबाचे दर्शन घेतले. सुदाम बौद्ध आहे, तो बाहेर पिंपळाखाली थांबला. मी आलो तेव्हा तो पाराच्या दगडावर हात फिरवत बसला होता. "दगूड गार हाय," एवढेच म्हणाला. शाळेची सहल इथे आली होती तेव्हाही तो बाहेरच थांबला होता आणि मी त्याच्या वाटणीचे शेंगदाणे खाल्ले होते, याची त्याने आठवण करून दिली.

इथला ऊस उंच आणि दाट आहे, आणि उसात रानडुकरे आहेत. ओळखीचे एक शेतकरी, कारभारी नावाचे, आम्हाला मळ्यात घेऊन गेले. दुपारी त्यांच्या घरी बाजरीची भाकरी, वांग्याचे भरीत आणि मिरचीचा ठेचा झाला. जेवताना मी फ्रेयाच्या डुकराबद्दल सांगितले. सोन्यासारखे केस आहेत आणि ती त्यावर बसून जाते, असे म्हणालो.

"आमच्याकडं पाठवा म्हनावं तिला," कारभारी म्हणाले. "सगळी कळपानं घेऊन जा म्हनावं. दीड एकर लोळवलाय."

दिवस मावळायच्या आधी उसाच्या कडेला बसलो. समोर पाण्याचा पाट होता. कारभारींनी डुक्कर कुठून निघेल ते दाखवले: उजवीकडच्या बांधाजवळून. मी सुदामच्या डावीकडे बसलो. तासाभराने ऊस हलला. डुक्कर निघाले, चांगले मोठे, मानेवर ताठ केस, सुदामपासून पंधरा-वीस फुटांवर. मी त्याचा दंड दाबला. तो समोर पाहत होता. डुक्कर उजवीकडून आले, त्याच्यासमोरून गेले, आणि त्याची मान वळेपर्यंत पाट ओलांडून पलीकडे निघाले. सुदाम उठला, दोन पावले धावला आणि पाटात पडला. पाणी गुडघाभर होते. चित्र काढायची फळी त्याने वर धरली होती, कागद भिजला नाही.

"किती दिसलं?" मी विचारले.

"मागनं."

"फक्त मागनं?"

"शेपूट, दोन ढुंगनं आन मागचे पाय. लई ब्येस."

कारभारी म्हणाले, उद्या परत येईल, थांबा. सुदाम ओल्या धोतरात बसून काढायला लागला होता. "जेवढं दिसलं तेवढं," तो म्हणाला. त्यामुळे आमच्या पुस्तकात फ्रेया डुकरावर बसून पानातून बाहेर, वाचकाकडे पाठ करून चालली आहे. चित्र उत्तम आहे. मात्र डुक्कर समोरून गेले आणि त्याला दिसले नाही, हे मी पाहिले होते, आणि मी पाहिले हे त्याला कळले होते. परतताना रस्त्याने तो माझ्या खांद्यावर हात ठेवून चालला. आधी तो असे चालत नसे.

पाथर्डीच्या पुढे

शेवगावमार्गे पाथर्डीला पोचलो. मोहट्याच्या देवीच्या नवरात्रातल्या यात्रेच्या कमानी अजून रस्त्यावर उभ्या होत्या, कापड उन्हाने विटलेले. पाथर्डीहून जीप. नऊ जणांच्या जीपमध्ये आम्ही चौदा होतो. सुदामची फळी एका आजोबांच्या मांडीवर आली आणि त्यांनी ती शेवटपर्यंत ताटासारखी आडवी धरली.

हा भाग कोरडा. बाजरी निघालेली, कपाशी वेचणीला आलेली, तूर उभी. ऊस इथे होत नाही. ऊस तोडणारी माणसे इथून जातात. आम्ही ज्या गावात उतरलो तिथल्या निम्म्या घरांसमोर सामान बांधलेले होते. चूल, पत्रे, पाण्याची टाकी, बाजरीची पोती, गाडीची सुटी केलेली चाके. कोयत्यांना धार लावल्याचा आवाज दोन-तीन ठिकाणांहून येत होता. टोळीचा ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता. माणसे, गाड्या आणि बैल त्यातून कारखान्यावर जाणार आणि उन्हाळा लागल्यावर परत येणार. म्हणजे बैल पाहायला आमच्याकडे एक दुपार होती.

आम्ही गेलो ते घर सुदामच्या ओळखीचे. पोळ्याला या गावातल्या बैलांची शिंगे तो बरीच वर्षे रंगवायचा. घरधनीण कौसाबाई साठीच्या. नवरा नाही. दोन मुलगे, दोन सुना, दोन गाड्या, चार बैल. कौसाबाई पंधराव्या वर्षापासून ऊस तोडतात. सुदामला पाहून त्या म्हणाल्या, "पेंटर, जिवंत हाय व्हय? दोन पोळे झाले, तोंड न्हाई दाखवलं."

"तुमचे बैल मला आता न्हाई दिसत, कौसाबाई."

"मग काय बघाया आला?"

"तेच."

त्या हसल्या आणि त्यांनी सुनेला शेंगोळे टाकायला सांगितले. हुलग्याच्या पिठाचे, लसणाचे, तिखट. माझी आई थंडीत करायची, तीच चव. भिंगार सोडल्यापासून मी ती चाखली नव्हती. मी दोनदा मागून घेतले.

चारही बैल अंगणात एका रांगेत बांधलेले होते. सर्ज्या, मण्या, तांबड्या आणि खंड्या. सुदाम समोर पोत्यावर बसला आणि दुपारभर काढत राहिला. तो मान वर करायचा, खाली घालायचा, परत वर करायचा. ऊन उतरायला लागले तेव्हा चार बैल कागदावर होते आणि मला ते चांगले वाटले.

कौसाबाई कोयत्यांचे गाठोडे बांधून आल्या. उभ्या राहून त्यांनी कागदाकडे पाहिले.

"ह्यो सर्ज्या."

"व्हय," सुदाम म्हणाला.

"ह्यो बी सर्ज्या."

सुदामने कागद डाव्या डोळ्याजवळ नेला.

"ह्यो बी. पेंटर, ही चार न्हाईत. एकच हाय. चारदा काढलाय."

मी पुन्हा पाहिले. चौघांनाही तेच वशिंड होते, किंचित डावीकडे कललेले. चौघांच्याही डाव्या शिंगाचे टोक तुटलेले होते. सर्ज्या रांगेत अगदी सुदामच्या समोर होता. कागदावरून मान वर केली की त्याच्या नळीत दर वेळी तोच येत होता, आणि दर वेळी तो त्याला पुढचा बैल समजत होता.

सुदामने फळीवरचे चिमटे काढले आणि कागदाची गुंडाळी केली. पेन्सिल खिशात ठेवली.

"संपादक," तो म्हणाला, "त्या दुसऱ्या मानसाला सांग म्हनावं. कामपुटरवाल्याला."

"अजून उजेड आहे."

"उजेड हाय. मी न्हाई."

कौसाबाईंना काय झाले ते कळले नाही, म्हणून मी सांगितले: पुस्तक कशाचे, किती चित्रे, डोळा, दिवाळीची मुदत. हे चित्र झाले नाही तर आधीची सहाही जातील आणि सुदामने रंगवलेले एवढेच काय ते मागे राहण्यासारखे आहे, हेही सांगितले. सुदाम दुसरीकडे पाहत होता. मग त्यांनी बैलांची गोष्ट विचारली, म्हणून तीही सांगितली.

"आईनं पोरांचं बैल केलं?"

"हो."

"कशापायी?"

"जमिनीपायी. राजा म्हणाला, चार बैलांनी एका दिवसा-रात्रीत नांगरशील तेवढी तुझी."

कौसाबाईंनी ओट्याकडे पाहिले. त्यांचे दोन्ही मुलगे गाडीच्या आसाला वंगण लावत होते.

"त्यात काय," त्या म्हणाल्या. "ते तर आमी बी केलं." मग त्यांनी विचारले, "परत मानसं झाली का ती?"

"तसं लिहिलेलं नाही."

"व्हय का न्हाई, काय बी न्हाई?"

"काहीच नाही. जमीन समुद्रात नेली, बेट झालं, तिथं गोष्ट संपते."

"मग इचारलं न्हाई कुनी?"

मी चौतीस वर्षे दुसऱ्यांच्या बातम्यांतले न विचारलेले प्रश्न समासात लिहून परत पाठवत असे. या गोष्टीच्या समासात मी काहीही लिहिले नव्हते.

कौसाबाईंनी विषय तिथेच सोडला आणि सुदामकडे वळल्या. "पेंटर, आमी गाडी जुपतो तवा दिवस उगवलेला नसतो. फडात दिवा न्हाई. ह्यो सर्ज्या हाय का मन्या, मी डोळ्यानं वळखते व्हय? हातानं. सर्ज्या डावीकडचा. उजवीकडं जुपला तर पाऊल टाकत न्हाई. चुकून चालत न्हाई." त्यांनी त्याच्या हातातली गुंडाळी काढून घेतली. "सकाळी एकेक आनते. तू हात लाव आन काढ."

"ट्रक कवा येतोय?"

"धाला."

दुसरी सकाळ

साडेसहाला उजेड आला. कौसाबाईंनी तीन बैल घरामागे नेऊन बांधले आणि सर्ज्याला एकट्याला अंगणात आणले. सुदामने आधी कागद घेतला नाही. त्याने बैलाच्या कपाळापासून सुरुवात केली. शिंगांचे बूड, कान, मानेवरची जुवाने घट्टा पडलेली कातडी, वशिंड, बरगड्या, मागचे गुडघे. मग बसला आणि काढले. पाऊण तास लागला. कौसाबाई कासरा धरून उभ्या होत्या आणि बोलत होत्या.

"ह्यो लई मानी. हाक मारली तर येत न्हाई, न मारली तर येतो."

तांबड्याच्या वेळी: "ह्याला घाई. फडातनं निघाला की कारखान्याचा काटा येस्तोवर थांबत न्हाई. पाय बघ, पुढचे दोन्ही बाहीर टाकतो." सुदामने पाय चाचपले आणि बाहेर टाकलेले काढले.

खंड्याच्या वेळी: "ह्यो मागच्या साली पडला. उठवला. तवापासनं मानूस दिसलं की मान खाली." सुदामने मान खाली घातलेली काढली.

ट्रक दहाला येणार होता, तो नऊला आला. मुकादम खाली उतरला आणि अंगणातला प्रकार पाहून थांबला. "काय मावशे, बैलाचं लगीन ठरवताय का? फोटू पाठवायचाय?"

"तुझा बी काढून घेते, गप बस. आधी सामान भर."

"सामान भरलं. बैल चढवा."

"तीन चढव. चवथा मागनं."

मुकादम कुरकुरला. पुढच्या गावात आणखी दोन घरे होती, रस्ता लांबचा होता. मुलांनी सर्ज्या, तांबड्या आणि खंड्याला फळीवरून ट्रकमध्ये चढवले. मण्या अंगणात राहिला. तो धाकटा, चौथे वर्ष. बाकीचे चढलेले पाहून तो स्थिर राहीना. सुदामने त्याच्या मानेवर एक हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने काढत राहिला. कागद मी धरला. मुकादमाने दोनदा हॉर्न वाजवायला लावला. दुसऱ्या हॉर्नला मण्याने मान वळवून ट्रककडे पाहिले आणि हंबरला. सुदाम म्हणाला, "असाच ऱ्हाऊ दे, असाच," आणि हात भराभर चालवला.

"झालं का?" कौसाबाईंनी विचारले.

"झालं."

त्यांनी चारही कागद ओट्यावर मांडून पाहिले. या वेळी चार नावे घेतली, चार वेगळी. मग म्हणाल्या, "लावताना सर्ज्या डावीकडं. ध्यानात ठिवा." पदर खोचला आणि ट्रकमध्ये चढल्या. सुना आधीच बसल्या होत्या. मुलगे बैलांपाशी उभे होते. ट्रक गेल्यावर अंगणात चार खुंटे आणि शेण राहिले. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी येऊन घराला कुलूप लावले. किल्ली त्यांच्याकडे असते.

दुपारच्या जीपने आम्ही निघालो. जीप रिकामी होती. गावातून जाणारे गेले होते.

परत

चार बैलांचे एक चित्र सुदामने भिंगारला घरी केले. त्याला पाच दिवस लागले, भिंगाला डोळा लावून. दिवाळीच्या आदल्या दिवशी गुंडाळी घेऊन त्याचा जावई पुण्याला आला. सर्ज्या डावीकडे आहे. तांबड्याचे पाय बाहेर आहेत, खंड्याची मान खाली आहे आणि मण्या मागे वळून पाहतो आहे. चौघांच्या मध्ये गेफ्युन उभी आहे. तिचा चेहरा कौसाबाईंचा नाही. इतकी वर्षे बैलांची शिंगे रंगवताना सुदामने त्यांचा चेहरा कधी नीट पाहिलाच नव्हता. हात मात्र त्यांचे आहेत. जू जमिनीवर ठेवलेले आहे आणि चारही माना मोकळ्या आहेत.

प्रकाशकाला चित्र आवडले. मग त्यांनी मजकूर शेजारी ठेवला आणि फोन केला. मजकुरात बैल नांगर ओढत आहेत, जमीन समुद्रात नेत आहेत. चित्रात जू उतरवलेले आहे. हे जुळत नाही. चित्रात बदल करून मिळेल का?

मी सुदामला फोन केला. शस्त्रक्रिया चार दिवसांवर होती आणि रखमावहिनींनी ब्रश कपाटात ठेवले होते. तो म्हणाला, "जू मी ह्या बैलांच्या मानंवर न्हाई बघितलं. ते अंगनात खाली पडलेलं हुतं. बघितलं तसं काढलं."

नियम त्याचा होता आणि तो त्याने शेवटपर्यंत पाळला. माझाही एक नियम आहे. मुळात नाही ते मी लिहीत नाही. कोणाच्या बातमीत मी कधी एक शब्द पदरचा घातलेला नाही. गेफ्युनची जुन्या कथांतली हकिकत मी पुन्हा वाचली, जितक्या ठिकाणी मिळाली तितक्या ठिकाणी. जू उतरवल्याचा उल्लेख कुठेही नाही.

प्रकाशकाला मी संध्याकाळी एक ओळ पाठवली, शेवटच्या परिच्छेदानंतर घालण्यासाठी. आता ती छापून आली आहे, चित्राच्या खाली. 'मग गेफ्युनने चौघांच्या मानेवरचे जू उतरवले.'

पुढचे मला माहीत नव्हते, म्हणून लिहिले नाही.